अठरा मिलिमीटरची पोकळी: प्रोटॉन उपचाराच्या फेरनियोजनात कृत्रिम सीटीची परीक्षा

डाव्या वरच्या जबड्याच्या सायनसमध्ये सुरू झालेल्या अडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बावन्न वर्षांच्या स्त्रीला प्रोटॉन किरणोपचार चालू होते. नवव्या सिटिंगच्या सकाळी उपचाराच्या टेबलावर घेतलेल्या चित्रात असे दिसले की, नियोजनाच्या वेळी स्रावाने भरलेली नाकामागची पोकळी आता रिकामी झाली आहे. त्या दिवशीची मात्रा द्यायची की नाही हे अर्ध्या तासात ठरवायचे होते, आणि त्यासाठी हाताशी होती ती संगणकाने तयार केलेली तीन कृत्रिम सीटी चित्रे, जी एकमेकांशी जुळत नव्हती. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. ही कोणा एका रुग्णाची नोंद नाही. अशा उपचारांत वारंवार उद्भवणाऱ्या परिस्थितीवरून ते बेतले आहे, आणि त्यातील मिलिमीटर व ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) यांचे आकडे उदाहरणादाखल, मात्र भौतिकशास्त्राला धरून घेतले आहेत. संस्था आणि संशोधन यांविषयीचे उल्लेख प्रत्यक्षातले आहेत.

रुग्ण आणि मूळ नियोजन

शस्त्रक्रियेत डावा वरचा जबडा अंशतः काढला होता. त्याबरोबर नाकाच्या वरच्या भागातील इथमॉइड सायनसच्या पेशिका आणि डाव्या डोळ्याच्या खोबणीची आतली पातळ हाडाची भिंतही काढावी लागली होती, त्यामुळे नाकामागे एक सलग मोठी पोकळी तयार झाली होती. हा कर्करोग सावकाश वाढतो, परंतु चेतातंतूंच्या आवरणालगत दूरवर पसरण्याची त्याची खोड कुप्रसिद्ध आहे. या रुग्णाच्या पॅथॉलॉजी अहवालात तसा प्रसार नोंदलेला होता आणि काढलेल्या भागाची कड गाठीच्या फार जवळ होती. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आवश्यक ठरले. डाव्या डोळ्याची दृष्टी आधीच क्षीण झाली होती. उजव्या डोळ्याची दृष्टिचेता (ऑप्टिक नर्व्ह) सुरक्षित ठेवणे ही नियोजनातील सर्वांत कडक अट होती, आणि पुढचा सगळा निर्णय याच अटीभोवती फिरला.

प्रोटॉन निवडण्याचे कारण तेच होते. क्ष-किरणांचा झोत शरीरातून आरपार जातो. प्रोटॉनचा झोत ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडून थांबतो. १५० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो आणि तेथे संपतो. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये या गुणधर्माचा वैद्यकीय उपयोग सुचवला आणि १९५४ मध्ये बर्कलीला पहिल्या रुग्णावर तो करून पाहिला गेला. मात्र झोत कोठे थांबेल हे त्याच्या वाटेत किती पदार्थ आहे यावर अवलंबून असते. वाटेत एक सेंटिमीटर स्रावाऐवजी एक सेंटिमीटर हवा आली, तर तोच झोत जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे जाऊन थांबतो, कारण प्रोटॉनच्या हिशेबात हवा म्हणजे जवळपास काहीच नाही. जो गुण प्रोटॉनला उपयुक्त करतो, तोच त्याला शरीरातील बदलांबाबत इतका हळवा करतो.

नियोजनाची सीटी शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी झाली. तेव्हा पोकळीच्या मागच्या भागात घट्ट स्राव आणि सूज होती. एकूण ६६ ग्रे, दर सिटिंगला २ ग्रे याप्रमाणे ३३ सिटिंग, आठवड्याचे पाच दिवस, असा आराखडा ठरला. हे ग्रे प्रोटॉनच्या जैविक परिणामासाठी १.१ ने गुणून घेतलेले आहेत. तीन दिशांनी झोत योजले होते. त्यांपैकी डाव्या कानशिलाकडून येणारा झोत पोकळीच्या मागच्या भागातून जाऊन मध्यरेषेच्या अलीकडे थांबत होता, आणि त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर उजवी दृष्टिचेता होती. नियोजनानुसार या चेतेच्या सर्वाधिक मात्रेच्या बिंदूला ३३ सिटिंगमध्ये मिळून सुमारे ४८ ग्रे मिळणार होते, म्हणजे दर सिटिंगला १.४५ ग्रे. ५५ ग्रेच्या खाली दृष्टिचेतेला इजा होण्याची शक्यता फार कमी असते, ५५ ते ६० ग्रेमध्ये ती वाढू लागते आणि ६० च्या वर झपाट्याने वाढते, असे प्रस्थापित अनुभव सांगतो.

योजना अनिश्चितता गृहीत धरूनच केली होती. रुग्णाच्या स्थितीत ३ मिलिमीटरपर्यंत चूक आणि झोताच्या पल्ल्यात ३.५ टक्क्यांपर्यंत चूक झाली तरी मात्रा मर्यादेत राहावी, अशी तिची बांधणी होती. दहा सेंटिमीटर खोलीवर ३.५ टक्के म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पोकळी रिकामी झाल्यास काय होईल याचा या गणितात समावेश नव्हता. माझ्या मते या प्रकरणातील मूळ उणीव हीच होती. नासिकाविवराची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची पोकळी भरते आणि रिकामी होते हे नियोजनाच्या दिवशीही ठाऊक असते.

नववी सिटिंग

उपचार बुधवारी सुरू झाले होते, त्यामुळे आठवी सिटिंग शुक्रवारी झाली. मधल्या शनिवार-रविवारी रुग्णाने नाक-कान-घसा विभागाच्या सल्ल्यानुसार मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सुरुवात केली. सल्ला योग्यच होता. फक्त तो किरणोपचार विभागापर्यंत पोहोचला नव्हता. सोमवारी सकाळी डोके स्थिर ठेवणारा मास्क बसवून रुग्णाला टेबलावर घेतल्यावर नेहमीप्रमाणे कोन-बीम सीटी झाली. उपचारयंत्राबरोबर फिरणाऱ्या स्रोताने सुमारे मिनिटभरात घेतलेले हे चित्र मुख्यतः स्थिती जुळवण्यासाठी असते. तंत्रज्ञाच्या लक्षात आले की, कवटीची हाडे मिलिमीटरभराच्या आत जुळत आहेत, परंतु पोकळीच्या मागच्या भागात जेथे करडा रंग होता तेथे आता काळा आहे.

या चित्रावर थेट मात्रेचे गणित का करता येत नाही, हे येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. निदानाच्या सीटीत क्ष-किरणांचा पातळ पंखा वापरतात; कोन-बीममध्ये एकदम मोठा शंकू शरीरातून जातो आणि त्यातून विखुरलेले किरण मोठ्या प्रमाणात चित्रपटलावर पडतात. त्यामुळे हाउन्सफील्ड एककांतील आकडे, ज्यांत पाणी शून्य आणि हवा उणे हजार असते, भरकटतात. मध्यभाग काळवंडतो, हाडांच्या कडेला पट्टे येतात, आणि दातांत धातू असेल तर ते पट्टे आणखी वाढतात. क्ष-किरणांच्या उपचारात अशी थोडीफार चूक खपून जाते. प्रोटॉनच्या गणितात मात्र प्रत्येक बिंदूच्या हाउन्सफील्ड आकड्यावरून तो पदार्थ प्रोटॉनला किती अडवतो हे काढायचे असते, आणि चुकीच्या आकड्यांची बेरीज झोताच्या संपूर्ण वाटेवर साचत जाते. म्हणून कोन-बीम चित्रातील आजची शरीररचना आणि नियोजनाच्या सीटीतील विश्वासार्ह आकडे एकत्र आणून एक नवे, गणनायोग्य चित्र तयार करतात. यालाच कृत्रिम सीटी म्हणतात. एमआरआयवरूनही असे चित्र तयार करता येते, पण त्यात हवा आणि घट्ट हाड दोन्ही काळीच दिसतात, त्यामुळे सायनसच्या भागात ती वाट अधिकच निसरडी आहे.

या विभागात तीन पद्धतींनी कृत्रिम सीटी तयार करण्याची सोय होती. त्या सकाळी तिन्ही चालवल्या गेल्या.

पहिल्या पद्धतीत नियोजनाची मूळ सीटी ताणून-दाबून आजच्या कोन-बीम चित्रावर बसवली जाते. वजन घटून गाल आत गेले, मान बारीक झाली, तर ही पद्धत उत्तम चालते, कारण तेथे तेच ऊतक वेगळ्या जागी गेलेले असते. परंतु कापड कितीही ताणले तरी त्याचा रंग बदलत नाही, तसेच येथे झाले. स्रावाच्या जागी हवा आणणे ताणण्याच्या क्रियेत बसत नाही. चित्रात पोकळी भरलेलीच राहिली आणि डाव्या झोताच्या पल्ल्यात फरक शून्य आला. सगळे ठीक आहे असा निर्वाळा या चित्राने दिला, आणि तो देताना ते अत्यंत स्वच्छ, पट्टेविरहित, देखणे होते.

दुसरी पद्धत खोल शिक्षणाच्या (डीप लर्निंग) चेताजाळ्याची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीची. यू-नेट या रचनेवर आधारलेले हे जाळे अनेक रुग्णांच्या कोन-बीम व सीटी चित्रांच्या जोड्यांवरून शिकलेले असते आणि नवे कोन-बीम चित्र दिले की काही सेकंदांत त्याची सीटी करून देते. या चित्रात पोकळीचा मागचा भाग काळा न येता गडद करडा आला. आकडे उणे ४०० च्या आसपास होते. झोताच्या वाटेत हा भाग १८ मिलिमीटर लांबीचा होता. उणे ४०० म्हणजे पाण्याच्या सुमारे ०.६ घनता, म्हणून या चित्रानुसार झोत ७ मिलिमीटर पुढे जाणार होता.

तिसरी पद्धत जुनी आणि साधी आहे. नियोजनाच्या सीटीचा आधार घेऊन कोन-बीममधील विखुरलेल्या किरणांचा हिस्सा अंदाजाने काढून टाकायचा आणि आकडे ठिकाणावर आणायचे. हे चित्र खरखरीत होते, दातांजवळचे पट्टे त्यात तसेच होते, पण पोकळीत उणे ८५० ते ९०० असे आकडे आले. त्यानुसार फरक १६ मिलिमीटर.

शून्य, सात आणि सोळा. कोणते खरे हे त्या क्षणी ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असल्याचा आव कोणी आणला नाही हे या प्रकरणातील चांगले काम म्हणावे लागेल. तीन चित्रे जुळत नाहीत, आणि न जुळण्याची जागा नेमकी त्या झोताच्या वाटेत आणि उजव्या दृष्टिचेतेच्या अलीकडे आहे, एवढे निर्णयाला पुरेसे होते. उपचार करणाऱ्या ऑन्कोलॉजिस्टने त्या सकाळची सिटिंग रोखली आणि दुपारी निदानाच्या यंत्रावर पुन्हा सीटी घेण्यास सांगितले. डावा झोत तेवढा वगळून बाकीचे दोन द्यावेत अशी सूचना चर्चेत आली होती. ती नाकारली गेली, कारण अशा योजनेत प्रत्येक झोताची मात्रा एकसारखी नसते; तिन्ही झोत एकमेकांची भर घालत लक्ष्यावर समान मात्रा बसवतात, आणि एक काढला की उरलेल्यांचे गणित कोसळते. त्यासाठी पर्यायी योजना आधीपासून तयार हवी. ती नव्हती.

दुपारच्या सीटीने काय सांगितले

फेर-सीटीत पोकळीचा मागचा भाग पूर्ण रिकामा होता. डाव्या झोताच्या वाटेत १८ मिलिमीटर हवा होती आणि झोत तेवढाच पुढे जात होता. म्हणजे त्या एका जागेपुरते सर्वांत खरखरीत चित्र सत्याच्या सर्वांत जवळ होते, आणि सर्वांत देखणे चित्र सर्वांत दूर.

एवढ्यावरून चेताजाळ्याची पद्धत टाकाऊ ठरवणे चूक होईल. उरलेल्या दोन झोतांच्या वाटेवर तिचे उत्तर फेर-सीटीशी दीड मिलिमीटरच्या आत जुळले, तर खरखरीत चित्र दातांच्या पट्ट्यांमुळे त्यांपैकी एका झोतात चार मिलिमीटरने चुकले होते. प्रश्न असा की, एवढे चांगले चालणारे जाळे नेमके पोकळीत का डळमळले? उत्तर त्याच्या शिक्षणात आहे. शिकवण्यासाठी जोडीतील कोन-बीम आणि सीटी एकाच शरीराच्या एकाच अवस्थेची असावी लागतात. परंतु त्या एकाच दिवशी घेतल्या तरी मधल्या काही तासांत सायनस भरलेला किंवा रिकामा झालेला असू शकतो. मग कधी कोन-बीममधील काळ्या पोकळीसमोर सीटीत करडा स्राव येतो, कधी उलट. चुकीची सरासरी कमीत कमी ठेवण्याची शिकवण मिळालेले जाळे अशा वेळी मधला आकडा काढून देते, कारण मधल्या आकड्याला शिक्षा सर्वांत कमी होते. उणे ४०० हा आकडा शरीरातील कोणत्याच पदार्थाचा नव्हता. दोन परस्परविरोधी शक्यतांमधली ती तडजोड होती.

आणखी एक गोष्ट आढळली, जी पाहून बैठकीत प्रथम अधिक खळबळ उडाली. डाव्या डोळ्याच्या खोबणीची जी आतली भिंत शस्त्रक्रियेत काढली होती, ती जाळ्याने पुन्हा रेखाटून दिली होती. शिकलेल्या बहुतेक चेहऱ्यांत ती भिंत असते, म्हणून येथेही असणारच, असा त्याचा कल. नसलेले हाड चित्रात आले हे ऐकायला भयंकर वाटते. पण ही भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि प्रोटॉनच्या पल्ल्यावर तिचा परिणाम मिलिमीटरभराच्या आत राहतो. पोकळीतला निरुपद्रवी दिसणारा करडा डाग ११ मिलिमीटरची चूक करत होता, आणि डोळ्याला खटकणारे खोटे हाड जवळजवळ काहीच करत नव्हते. रेडिऑलॉजिस्टच्या नजरेने चित्र तपासणे आणि प्रोटॉनच्या हिशेबाने तपासणे यांतला फरक इतक्या ठळकपणे क्वचितच दिसतो.

चित्राच्या दर्जाचा जो आकडा अशा पद्धतींच्या लेखांत सर्वांत आधी छापला जातो, त्यानेही येथे सावध केले नसते. तो म्हणजे खऱ्या आणि कृत्रिम सीटीतील हाउन्सफील्ड आकड्यांच्या फरकाची सर्व बिंदूंवरची सरासरी. पोकळीच्या ज्या भागात चूक झाली त्याचे आकारमान सुमारे ६ घन सेंटिमीटर होते आणि चूक ६०० एककांची होती. चित्रातील डोके-मानेचे आकारमान ४ लिटर धरले, तर ही चूक सरासरीत एका एककाहूनही कमी भर घालते. चांगल्या पद्धतींची सरासरी चूक एरवीच दहाहून कितीतरी जास्त एककांची असते. त्यात हे एक एकक कोणाला दिसणार? निजमेगन, उट्रेख्त, ग्रोनिंगन अशा वैद्यकीय केंद्रांच्या सहभागाने झालेल्या सिंथरॅड २०२३ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन डच विद्यापीठ रुग्णालयांतील १०८० रुग्णांच्या मेंदू आणि ओटीपोटाच्या चित्रांवर अनेक पद्धतींची तुलना झाली. चित्रांचे साम्य आणि मात्रेची अचूकता यांच्यात लक्षणीय संबंध आढळत नाही, असाच तिचा निष्कर्ष होता. स्पर्धेत मात्रेचे गणित क्ष-किरण आणि प्रोटॉन या दोन्हींसाठी केले होते. मला तो निष्कर्ष त्या वर्षीच्या विजेत्याच्या नावापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

मात्रेचा हिशेब आणि निर्णय

मूळ योजना फेर-सीटीवर पुन्हा गणली तेव्हा गाठीच्या क्षेत्राची व्याप्ती फारशी ढळलेली नव्हती. झोत पुढे गेला तरी लक्ष्य त्याच्या वाटेत होतेच. उजव्या दृष्टिचेतेच्या त्या बिंदूला मात्र १.४५ ऐवजी दर सिटिंगला १.९ ग्रे मिळत होते. पहिल्या आठ सिटिंगची कोन-बीम चित्रे पुन्हा काढून पाहिली असता त्यांत पोकळी भरलेली होती, त्यामुळे तोवरची मात्रा योजनेनुसार, म्हणजे ११.६ ग्रे धरता आली. काहीच बदल न करता उरलेल्या २५ सिटिंग तशाच दिल्या असत्या तर ४७.५ ग्रेची भर पडून एकूण ५९.१ ग्रे झाले असते. एका डोळ्यावर अवलंबून असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे मान्य होण्यासारखे नव्हते. दुसरीकडे, एका-दोन सिटिंगमधील ०.४५ ग्रेची वाढ म्हणजे आणीबाणी नव्हे, हेही त्याच हिशेबातून दिसत होते.

नवी योजना फेर-सीटीवर करायची ठरली. तीन कृत्रिम चित्रांपैकी कोणतेही त्यासाठी वापरले नाही. अवयवांच्या सीमा पुन्हा आखणे, नवे गणित, स्वतंत्र संगणकप्रणालीने पडताळणी आणि पाण्याच्या फँटममध्ये (शरीराच्या जागी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत) मोजमाप यांना गुरुवार सकाळ उजाडणार होती. मंगळवार आणि बुधवार काय करायचे? उपचारात खंड पडू न देण्याकडे किरणोपचारतज्ज्ञांचा स्वाभाविक कल असतो, कारण डोके-मानेच्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगात उपचार लांबल्यास नियंत्रण घटते हे पक्के ठाऊक आहे. अडेनॉइड सिस्टिकची वाढ सावकाश असल्यामुळे येथे तो दबाव कमी होता. तरीही सोमवारचा एक खाडा झालेलाच होता. शेवटी मंगळवारी व बुधवारी जुनीच योजना द्यावी असे ठरले. हिशेब असा: आठ सिटिंगचे ११.६, दोन सिटिंगचे ३.८ आणि नव्या योजनेच्या २३ सिटिंगचे ३३.३५, मिळून ४८.७५ ग्रे. निरनिराळ्या योजनांतील सर्वाधिक मात्रेचे बिंदू नेमके एकाच जागी असतीलच असे नाही, त्यामुळे ही सरळ बेरीज वास्तवापेक्षा काहीशी जास्तच असण्याची शक्यता आहे. सुरक्षिततेच्या बाजूने ती तशीच ठेवली.

या निर्णयावर दोन मते होती. सोमवारी सिटिंग रोखून मंगळवारी तीच योजना देणे विसंगत आहे, असा आक्षेप एका मेडिकल फिजिसिस्टने घेतला. मला तो पटत नाही. सोमवारी चूक किती मोठी आहे हे माहीत नव्हते. मंगळवारी ती मोजलेली होती आणि दोन सिटिंगपुरती सोसण्याजोगी ठरली होती. वेगळ्या माहितीवर वेगळा निर्णय घेण्यात विसंगती नाही.

नवी योजना करताना डाव्या कानशिलाकडचा झोत बदलून तो डोक्याच्या वरच्या बाजूने तिरपा आणला, म्हणजे पोकळीतील त्याची वाट आखूड झाली. शिवाय योजना एकाच सीटीवर न बांधता मूळ भरलेली आणि नवी रिकामी अशा दोन्ही सीटींवर एकाच वेळी बांधली, जेणेकरून पोकळी कोणत्याही अवस्थेत असली तरी चेतेची मात्रा मर्यादेत राहावी. याची किंमत डाव्या कपाळाच्या पेशींना थोड्या वाढीव मात्रेने मोजावी लागली. हा बदल पहिल्याच दिवशी करता आला असता, हे आधी म्हटलेच आहे.

कृत्रिम सीटीचे पुढचे स्थान

या प्रसंगानंतर विभागाने चेताजाळ्याचे चित्र बंद केले नाही. त्याच्या वापराची मर्यादा मात्र ठरवली. रोजच्या कोन-बीममध्ये हवेची पोकळी माणूस हाताने आखतो, आणि आखलेल्या भागाला कृत्रिम सीटीत थेट हवेचा आकडा दिला जातो. दोन-तीन मिनिटांचे हे काम जाळ्याची सर्वांत मोठी उणीव झाकते. त्यानंतर जाळ्याखेरीज अन्य पद्धतीच्या चित्राशी तुलना होते, पण ती करड्या छटांची नसते; प्रत्येक झोताच्या वाटेवर पाण्याच्या मापात किती पदार्थ आहे त्याची होते. फरक ३ मिलिमीटरच्या वर गेला की फेर-सीटी. कृत्रिम सीटीच्या आधारे थेट उपचार बदलला जात नाही. फेर-सीटी कधी घ्यायची एवढेच ती सांगते. टेबल आणि डोक्याखालची टेकण कोन-बीमच्या चौकटीत अपुरी येते, तीही नियोजनाच्या सीटीतून उचलून चिकटवावी लागते. ही बाब किरकोळ वाटते, पण मागून येणाऱ्या झोताला टेबल म्हणजे काही मिलिमीटर पाणीच आहे.

चित्र पारखण्याचा आणखी सरळ मार्ग म्हणजे प्रोटॉनलाच विचारणे. ग्रोनिंगन येथील केंद्राने, जेथे नेदरलँड्समधील प्रोटॉन उपचार २०१८ मध्ये सुरू झाले, डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक तपासणी करून दाखवली आहे. आरपार जाईल इतक्या ऊर्जेचे मोजके, अत्यल्प मात्रेचे झोत शरीरातून पाठवतात, पलीकडे त्यांचा उरलेला पल्ला मोजतात, आणि कृत्रिम सीटी तो किती सांगते याच्याशी ताडून पाहतात. या प्रकरणात असा एक झोत डाव्या कानशिलातून पाठवला असता, तर शून्य, सात आणि सोळा यांचा वाद तेथेच मिटला असता. त्यासाठीचे मोजमाप-उपकरण प्रत्येक विभागात नसते, एवढीच अडचण.

दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंडमधील फिलिगन येथील पॉल शेरर इन्स्टिट्यूट आहे. १९९६ मध्ये बारीक झोताने बिंदू-बिंदू रंगवत जाणारी उपचारपद्धती तेथेच रुग्णांवर सुरू झाली. नासिकाविवराच्या बदलत्या भरणाचा प्रश्नही त्यांनी फार बारकाईने अभ्यासला आहे, आणि रोजच्या रोज नवी योजना करून देण्याची कार्यपद्धती रुग्णांवर वापरल्याचा त्यांचा अहवाल २०२४ चा आहे. तेथे रोजच्या योजनेसाठी खरीखुरी सीटी घेतली जाते. ही निवड मला सूचक वाटते. रोज योजना बदलायची असेल, तर टेबलावर झोपलेल्या रुग्णासाठी फँटममधील मोजमापाला वेळ नसतो. पडताळणी स्वतंत्र गणितावर आणि यंत्राच्या नोंदींवर सोपवावी लागते. अशा वेळी चित्रातही शंकेला जागा राहिली, तर दोन अनिश्चितता एकमेकींवर चढतात.

भारतात प्रोटॉन उपचार चेन्नईच्या अपोलो केंद्रात २०१९ पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून उपलब्ध आहेत. तंबाखूमुळे तोंडाचे आणि जबड्याचे कर्करोग आपल्याकडे मोठ्या संख्येने होतात, आणि शस्त्रक्रियेनंतर जबड्याचा भाग नसलेले, टाळूवर ऑब्च्युरेटर (टाळूचे छिद्र बुजवणारा काढता-घालता येणारा कृत्रिम भाग) बसवलेले, तोंडात धातू असलेले चेहरे आपल्या विभागांत रोजचे आहेत. मेंदू आणि ओटीपोटाच्या डच चित्रांवर शिकलेल्या जाळ्याने असे चेहरे पाहिलेलेच नसतात. एखादी तयार प्रणाली विकत घेताना विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न सरासरी चूक किती हा नसावा. शिकवणीच्या चित्रांत जबडा काढलेले रुग्ण किती होते, हा असावा. ऑब्च्युरेटरच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे: तो नियोजनाच्या दिवशी तोंडात होता आणि उपचाराच्या दिवशी काढून ठेवला, तर स्रावाशिवायही अशीच पोकळी तयार होते.

या रुग्णाच्या उरलेल्या उपचारात एकविसाव्या सिटिंगला पोकळीच्या तळाशी पुन्हा स्राव दिसला. हाताने हवा आखलेल्या कृत्रिम सीटीवर गणित केले तेव्हा वरच्या झोताचा पल्ला २ मिलिमीटरने कमी आला आणि उजव्या चेतेची मात्रा दर सिटिंगला १.४ ग्रे निघाली. सिटिंग दिली गेली. दोन दिवसांनी नेहमीच्या साप्ताहिक फेर-सीटीत फरक अडीच मिलिमीटरचा निघाला, म्हणून योजना बदलली नाही. नाक धुणे चालूच ठेवायला सांगितले होते. त्याची वेळ तेवढी रोज उपचाराच्या एक तास आधी अशी ठरवून दिली, आणि ती नाक-कान-घसा विभागाच्या कागदावरही लिहिली गेली.